जोशीचं बोट

आमच्या दिल्लीच्या ऑफिसातल्या जोशीला, मला दिसत नाही हे कधी लक्षातच राहत नाही. माझ्या टेबलावर नवा टचवाला कॉम्प्युटर आला होता. स्क्रीनवर जिथे बोट टेकेल, तिथलं तो मोठ्याने वाचतो. त्या दिवशी बदल्यांची यादी यायची होती. पुण्याला जागा एकच आणि अर्ज आम्हा दोघांचे. सकाळपासून मला एका जागी बसवत नव्हतं. यादी आली, तर माझं बोट सारखं भलत्याच ओळीवर पडायला लागलं.

"थांब यार, मी बघतो," म्हणत जोशी वाकला आणि गप्पच झाला.

"काय झालं?"

"काही नाही. पुणं नाहीचे यादीत."

तेवढ्यात कॉम्प्युटर बोलला, "जोशी. पुणे. मंजूर."

"बोट कुठे ठेवलंयस तू?"

"माझ्या नावावर," तो पुटपुटला. "झाकत होतो. म्हटलं, तुला एकदम दिसायला नको."

"मला?"



जोशी पुण्याला गेला. नवं घर मला दाखवायचं म्हणून पहिल्याच संध्याकाळी त्याने व्हिडिओ कॉल केला.