दोन रेघा आणि एक शेपटी

संशोधिका : मिशी. कुजकी अंडी. पांढरी रेघ. चुलत बहीण.

ससेकाका : आधी श्वास घ्या, मग एकेक सांगा. आणि ते दार लावा, ससे बिचकतात.

संशोधिका : काका, तुमच्या लाडक्या सशिणीनं, ढमीनं, दोघांनाही ओळखलं.

ससेकाका : दोघं कोण?

संशोधिका : जिवाणू हो. एक चिखलातला, गंधकावर जगून कुजक्या अंड्यांचा वास सोडणारा. त्याचंच एन्झाइम आपण ढमीला टोचलं होतं. दुसरा डबक्यातला, जांभळा. तो नेमका तोच वास खाऊन जगतो. सर म्हणत होते, एक करतो त्याच्या उलटं दुसरा करतो, यांची एन्झाइमं नात्यातली निघाली तर मी मिशी काढीन.

ससेकाका : आणि निघाली?

संशोधिका : ही थाळी बघा. मधल्या खड्ड्यात ढमीच्या रक्ताचं पाणी, त्यातल्या अँटिबॉडीसकट, म्हणजे टोचलेलं एन्झाइम ओळखणाऱ्या प्रथिनांसकट. शेजारच्या दोन खड्ड्यांत दोघांची एन्झाइमं. ओळख पटली की मध्ये पांढरी रेघ उमटते. दोन्हीकडे उमटली, आणि दोन्ही रेघा कोपऱ्यात भेटल्यासुद्धा.

ससेकाका : एका रेघेची ही शेपटी कसली राहिलीय पुढे?

संशोधिका : शेपटी म्हणजे थोडा भाग वेगळा, म्हणून तर चुलत. शेपटी नसती तर सख्ख्या म्हटलं असतं.

ससेकाका : सरांना कळवलंत?

संशोधिका : लगेच. म्हणाले, नाचू नकोस, टोचण्याआधीच्या रक्ताची थाळी बघ.

ससेकाका : बरोबर बोलले. ढमी पहिल्यापासूनच दिसेल त्याला ओळख देत असली तर? स्वभाव माहीत आहे मला तिचा. गाजर दाखवा, गळ्यात पडते.

संशोधिका : ती थाळी या डब्यात आहे. उघडायचा धीर होत नाही. तिच्यातही रेघ असली तर सगळं मुसळ केरात. नवा ससा घ्या, टोचा, सहा महिने थांबा.

ससेकाका : नवा म्हणजे कुठला?

संशोधिका : शेजारच्या पिंजऱ्यातली छोटी.

ससेकाका : आणि थाळी कोरी असली तर?

संशोधिका : तर साठवलेलं रक्त पुरेल. कुणालाच टोचायचं नाही. ना छोटीला, ना ढमीला.

ससेकाका : आणा तो डबा इकडे.

(काका झाकण काढून थाळी दिव्यासमोर धरतात.)

संशोधिका : बोला ना.

ससेकाका : चष्मा पुसतोय.

संशोधिका : काका, झाला पुसून, आता बघा.

ससेकाका : खड्डे दिसतात. रेघ नाही. उलटी धरली, तिरकी धरली, तरी नाही. कोरी आहे हो.

संशोधिका : मला हसू येतंय आणि रडूही. तुमचा हात धरून नाचू का?

ससेकाका : थाळी खाली ठेवू द्या. हं, आता नाचा. माझा डावा गुडघा तेवढा सांभाळा.

संशोधिका : सरांना सांगते, वस्तऱ्याला धार लावा. आणि प्रबंधात पहिले आभार तुमचे. हुद्दा काय लिहू, ससेघराचे प्रमुख?

ससेकाका : नुसतं काका लिहा. मला निवृत्त होऊन अकरा आठवडे झाले, येतो तो या सशांसाठी.