गेल्या वर्षीचा खोकला आणि एकच गाणं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय विजयकुमार साहेब, आपल्या मंडळाचे सेक्रेटरी दत्तप्रसाद नाडकर्णी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते लोकगायक दगडूअण्णा वाघझरीकर, त्यांना आयुष्यभर झांजेवर साथ करणाऱ्या त्यांच्या पत्नी सगुणाबाई, बर दुबईहून आलेली कुटुंबं, आणि मुसफ्फ्याहून बसने येऊन आत्ताच मागच्या दारातून आत शिरलेल्या, पण अजून उभ्याच असलेल्या मित्रांनो. बसा. खुर्च्या आहेत. काल तर फारच होत्या.

निरोप आणि आभार दोन्ही मिळून दहा मिनिटांत आटपा, असं मला सांगण्यात आलं आहे, कारण अण्णांचं विमान आज रात्री आहे. मी प्रमिला, अल मनखूलला राहते आणि रोज डायरी लिहिते. डायरी लिहिणाऱ्याला एक खोड लागते, झालं तसं सांगायची. कालचा प्रसंग इथे सांगावा की नाही, हा प्रश्न मला दुपारपासून छळत होता. म्हणून मी दत्तप्रसादांची परवानगी मागितली. ते नाही म्हणाले. मग त्यांच्या पत्नीची, मुग्धावहिनींची मागितली. त्या हो म्हणाल्या. दोन्ही मतांचा आदर राखून मी सांगणार आहे.

अण्णांची ओळख करून द्यायला हवी का? मोठ्यांना नको. पण पहिल्या रांगेतली मुलं काल आपापसात विचारत होती, "इज ही फेमस?" तर मुलांनो, जन्मापासून अंध असलेला हा माणूस पन्नासेक वर्षं जत्रांमधून गातो आहे. त्यांचं एक गाणं आहे. 'सांग पाव्हण्या गाव तुझं, मी डोळे मिटून येतो.' समोरच्याने आपलं गाव ओरडून सांगायचं आणि अण्णांनी त्या गावची विहीर, बाजार, तिथला एखादा खट्याळ पाटील, जे सुचेल ते ओळीत बांधायचं. जितकी गावं तितकी कडवी. सगळी झाली की शेवटच्या ओळीत अण्णा स्वतःचं वाघझरी गाव घेतात आणि गाणं संपतं. त्याआधी ते संपत नाही. जत्रेत म्हणे एकदा पहाटेपर्यंत चाललं होतं. म्हणे म्हणते, कारण मी तिथे नव्हते.

आपल्या मंडळाला अण्णांना बोलवायची बुद्धी कशी झाली? आपल्याला झालीच नाही. दूर कारखान्यांच्या वस्तीत, मुसफ्फ्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर असलेला समाधान मंडळाच्या प्रत्येक मीटिंगला यायचा, चहा घ्यायचा आणि विषय कोणताही असो, एकच वाक्य बोलायचा, "पण अण्णांना आणा." हळदीकुंकवाच्या मीटिंगमध्येही. त्यावर कुणीतरी म्हणालं होतं, गावरान गाणी आहेत, आपल्या मुलांना रुचतील का? कुणी, ते मी सांगणार नाही. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

शेवटी अण्णा आले. फोनवर ते समाधानला म्हणाले होते, "तू समोर बसणार असशील तर येतो. एवढ्या लांब मी खुर्च्यांसाठी येत नाही."

आणि आपण काय केलं? प्रोग्रॅम गुरुवारी संध्याकाळी ठेवला. आपल्या ऑफिसांना गुरुवारी हाफ डे. मुसफ्फ्यातल्या माणसांची सुट्टी शुक्रवारी सुरू होते, हे कमिटीतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. कंपनीची बस मिळाली नाही. मुलांच्या परीक्षा म्हणून मनखूलही निम्मं घरी राहिलं. पडदा उघडायची वेळ झाली तेव्हा या एवढ्या हॉलमध्ये आम्ही किती होतो? मोजलं नाही, पण सगळ्यांना एकमेकांची नावं माहीत होती.

अण्णांना कळलं तर फार वाईट दिसेल, असं दत्तप्रसादांना वाटलं. हेतू चांगला होता, हे मी मुद्दाम नोंदवते. गेल्या वर्षीच्या गणपतीत भरगच्च हॉल होता आणि त्या प्रोग्रॅमची कॅसेट त्यांच्या गाडीत होती. त्यातल्या टाळ्या त्यांनी स्पीकरवर सोडायचं ठरवलं. सगुणाबाईंना हळूच म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगू नका हं." बाई म्हणाल्या, "मी कशाला सांगू? त्यांचे कान काय गावाला गेलेत?"

अण्णा स्टेजवर आले. कडकडाट. अण्णांनी हात जोडले, जरा थांबले, मग म्हणाले, "पुढं बसलेल्या कुण्या बाईला खोकला झालाय. पाणी द्या तिला." आम्ही इकडेतिकडे पाहिलं. कुणीच खोकलं नव्हतं. पहिलं गाणं झालं, पुन्हा कडकडाट. अण्णा म्हणाले, "अजून पाणी दिलं नाही? काय माणसं आहात." दुसऱ्या गाण्यानंतर म्हणाले, "आता मात्र डॉक्टर बोलवा. आणि ती शिट्टी मारणारा पोरगा कुठाय? दर वेळी खोकल्यानंतरच मारतो. गुणी आहे."

तेव्हा मुग्धावहिनी उठल्या. पाण्याची बाटली घेऊन सरळ स्टेजवर गेल्या, अण्णांच्या हातात बाटली दिली आणि माइकमध्ये ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "अण्णा, खोकला माझाच आहे. पण गेल्या वर्षीचा."

अण्णा इतके हसले की झांज थांबली. नंतर त्यांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "मग ह्या वर्षीचे किती जण आहात?" आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या फारच थोड्या होत्या, पण आमच्या होत्या. अण्णांनी कान दिला. म्हणाले, "ह्यात समाधान नाही."

समाधान का येऊ शकला नाही, ते दत्तप्रसादांनी सांगितलं. अण्णा हसायचे थांबले. "उद्या रात्री माझं विमान. त्यानं ऐकलं नाही तर मी इथं आलो कशाला?" इतकंच बोलले. पुढची दोन गाणी त्यांनी म्हटली, चांगली म्हटली, पण गावांचं गाणं काही काढलं नाही.

म्हणून आज सकाळी दत्तप्रसादांच्या गाडीत अण्णा, सगुणाबाई, मुग्धावहिनी आणि मी, असे मुसफ्फ्याला गेलो. गाडीत कॅसेट लावायचं कुणी नाव काढलं नाही.

कामगारांच्या कॅम्पच्या गेटवर तिथले इन्चार्ज जहूरभाई उभे. "परमिशन नहीं है, साब. प्रोग्रॅम के लिए ऑफिस से कागज चाहिए, और ऑफिस आज बंद है." दत्तप्रसादांनी 'हबीबी' म्हणून पाहिलं, 'साहेब' म्हणून पाहिलं. उपयोग नाही. मागे मेसच्या दारात समाधान आणि त्याचे सोबती येऊन उभे होते, काही जण अंघोळीचा टॉवेल खांद्यावर घेऊनच. शेवटी अण्णा खिडकीतून म्हणाले, "भाई, आपका गाँव कौनसा?"

जहूरभाई गोंधळले. मग त्यांनी झेलमच्या बाजूचं काहीतरी नाव सांगितलं. अण्णांनी ते दोनदा स्वतःशी घोळवलं. जहूरभाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है. एक गाना. फिर खलास."

अण्णा अगदी साधा चेहरा करून म्हणाले, "एकच म्हणणार."

पुढे काय झालं, हे तुमच्यातल्या जाणकारांनी ओळखलंच असेल. मेसमध्ये स्टीलच्या टेबलावर अण्णांना बसवलं, आणि त्यांनी तेच गाणं सुरू केलं. पहिलं गाव झेलमकाठचं. तिथल्या नदीला अण्णांनी हिंदीतून विचारलं की जहूरभाई लहानपणी कुणाच्या बागेतले पेरू चोरायचे. जहूरभाई म्हणाले, "अमरूद नहीं, बेर." अण्णांनी ओळ दुरुस्त करून पुन्हा म्हटली. मग गावं थांबेनात. माण, खटाव, संगमेश्वर, भोकर, गेवराई. सकाळचा नाश्ता तिथेच झाला आणि दुपारचा भात शिजायला लागला, तरी गाणं एकच. जहूरभाई मधूनमधून यायचे, "अभी कितना है?" विचारायचे, आणि बेरांची ओळ पुन्हा एकदा म्हणून घ्यायचे.

सगळी गावं संपली. अण्णा शेवटच्या ओळीवर आले, आणि सबंध मेस गप्प झाली. इतका वेळ जी माणसं ध्रुवपद छप्पर उडेल असं म्हणत होती, ती एकदम गप्प.

अण्णांनी विचारलं, "काय झालं रे?"

समाधान म्हणाला, "अण्णा, शेवट आमच्याकडं नाही. आमची कॅसेट तेवढीच टेपनं खाल्लीय. आम्ही नेहमी इथंच थांबतो आणि परत पहिल्यापासून लावतो."

वर्षानुवर्षं ही माणसं ते गाणं न संपवता ऐकत आली होती. मला आधी हसू आलं. मग प्रश्न पडला की हसावं का. तो अजून सुटलेला नाही. अण्णांना मात्र काहीच प्रश्न पडला नाही. त्यांनी झांज थांबवायला सांगितली. "मग इथं नाही संपवत. राहिलेलं संध्याकाळी, कालच्याच कुसैसच्या हॉलमध्ये. ज्याला शेवट पाहिजे त्यानं तिथं यावं."

समाधानने जहूरभाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. जहूरभाई बराच वेळ दाढी खाजवत होते. मग म्हणाले, "मैंने एक गाने की परमिशन दी थी. आधे की नहीं. गाना पूरा होना चाहिए. यल्ला, बस निकालो."

ती बस बाहेर उभी आहे. जहूरभाई स्वतः आले आहेत, ते दाराशी उभे आहेत आणि घड्याळ बघत आहेत, पण आता विमानाच्या काळजीने.

तर मंडळी, सकाळी सुरू झालेलं गाणं अजून चालू आहे. मधल्या काळात आपण फक्त दीडशे किलोमीटर प्रवास केला, अध्यक्षांनी शाल दिली आणि मी बोलले. दत्तप्रसादांनी मला बजावलं आहे, "अण्णांना एकच गाणं म्हणायला सांगा, एअरपोर्टला वेळेवर पोहोचायचंय." अण्णा, सेक्रेटरींची आज्ञा आहे, एकच.

आभार मानायचे ते अण्णा आणि सगुणाबाईंचे, समाधानच्या चिकाटीचे, जहूरभाईंच्या नियमाचे आणि मुग्धावहिनींच्या बाटलीचे. दत्तप्रसादांचेही, कारण टाळ्यांसाठी त्यांनी दुसरी कुठली कॅसेट लावली असती तर हे काहीच घडलं नसतं. माझ्या बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. अगदीच राहवलं नाही तर खोका, मी समजून घेईन. फक्त खोकला ह्या वर्षीचा असावा.

जाता जाता एक. काल अण्णांनी मला स्टेजमागे विचारलं, "बाई, तुमचं गाव?" मी पुणे म्हणाले. ते म्हणाले, "ते शहर झालं. गाव सांगा." मला सांगता आलं नाही. घरी मुलीनेही विचारलं, "मॉम, देन व्हॉट्स माय गाव?" मी आज गाडीत, येताना आणि जाताना, तेवढाच विचार केला. आता ज्यांची गावं सकाळी राहिली, त्यांनी एकेक करून सांगायची आहेत. मुलांनीसुद्धा. घाई कुणी करू नका. समाधानला शेवट ऐकायचा आहे, पण मला वाटतं तोही आज जरा उशिराच ऐकायला तयार होईल.

अण्णा, माइक घ्या. पहिलं नाव माझं. गाव, अल मनखूल.