इरफानच्या सदऱ्याची राख

मी धारूरची. माहेर घाटनांदूरचं, पर लगीन होऊन आले तवापसून ह्याच गल्लीत हाय, म्हून धारूरचीच म्हणा. आमचा धंदा न्याऱ्याचा. न्यारा म्हंजे काय सांगू तुम्हाला बाई, सोनाराच्या दुकानातला केरकचरा आमी इकत घेतो, जाळतो, कुटतो, परातीत पाण्याखाली हलवून हलवून धुतो, माती वाहून जाती आन जड तेवढं बुडाला बसतं. सोनार हात धुतो ते पाणीबी आमचं, बसतो ते पोतंबी आमचं, आन कारागिराचे जुने कपडेबी आमचेच. कानस मारताना बाहीत सोनं बसतं, झटकून निघत न्हाई, म्हून कपडा जाळायचा आन राख धुवायची. लोक नाक मुरडत्यात. मुरडू द्या, गळ्यात घालताना कुणी इचारत न्हाई हे कुठून आलं म्हून.

मालक लवकर गेलते. ल्योक एकलाच, इरफान. बारावी सायन्स केली आन सोनाराकडं कानशीवर बसला. लई बोलका. मी धुवायला बसले की शेजारी बसायचा आन पुस्तकातलं सांगायचा. अम्मी, हे परातीतलं मिश्रण हाय, माती मातीच ऱ्हायली, सोनं सोनंच ऱ्हायलं, नुसते शेजारी बसलेत, म्हून पाण्यानं येगळे होत्यात. तेजाबात, म्हंजे ॲसिडात, चांदी टाकली की दिसंनाशी होती, ते संयुग, ती तेजाबाशी जोडली गेली, तिसरंच काही झालं, आता किती धू, येत न्हाई, तांब्याची पट्टी सोडशील तवाच परत येती. मी म्हणायची, आन सोनं? ठाऊक असून इचारायची, त्याला सांगायला आवडायचं म्हून. तो म्हणायचा, चांदी काय, सोनं काय, दोनी मूलद्रव्य, पर सोनं लई हट्टी, जाळ, कूट, कुणाशी लवकर जोडून घेत न्हाई.

तेजाबाचं काम अंगणात करायचं असतं, उघड्यावर. त्या दिशी पावसाची झड होती, पोरानं पडवीतच केलं आन ताडपत्री बांधून घेतली. तांबूस धूर निघतो त्याचा. जरा खोकला, मग जेवला, हसला, झोपला. पहाटे दम लागला. अंबाजोगाईला न्यायला गाडी काढली, वाटंतच गेला. डॉक्टर म्हणले धूर छातीत बसलता. आता ह्याला काय म्हणायचं बाई, रात्री माझ्या हातची भाकर खाल्लेला पोरगा.

त्याचा कामाचा निळा सदरा खुंटीला तसाच होता. म्या धुतला न्हाई. रोज दिस कलताना असरची नमाज झाली की त्यात तोंड घालायची. घामाचा वास, लाखेचा वास, कोळशाचा वास, त्यातून माझं नाक बरोबर त्याचा वास येगळा काढायचं. तेवढ्यावर दिस चाललता.

सासरे होते, आमी अब्बा म्हणायचो, डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा सोनाराकडून जुन्या कपड्यांचं गाठोडं आलं, ते त्याच खुंटीखाली ठिवलेलं. मी बाजारात गेलते. अब्बांनी हाताला लागले ते सगळे कपडे गोळा केले आन भट्टीत घातले. मी आले तवा धूर वर चाललता. म्या म्हणलं अब्बा, खुंटीवरचा? म्हाताऱ्यानं उठून भिंत चाचपली, खुंटी चाचपली, आन तिथंच खाली बसला.  मला लई राग आलता, खोटं कशाला सांगू.

राख म्याच धुतली. अशी धुतली जशी कधी धुतली न्हाई. सोनं आलं, बाजरीच्या दाण्याएवढं. पर चार कारागिरांचे कपडे होते त्यात, ह्यातलं इरफानच्या बाहीतलं कंचं? माती काढता येती, तांबं काढता येतं, पर सोन्यातून सोनं कसं येगळं काढू? आमच्या सात पिढ्यांत कुणाला आलं न्हाई. आन वास तर धुराबरूबर गेला, त्याला कंची पट्टी सोडू?

तो दाणा कोनाड्यात ठिवला. रातंदिस वाटायचं तिथं कुणी तरी बसलंय. अब्बा कोनाड्याकडं पाठ करून जेवायचे, मग जेवणंच सोडलं. म्हणायचे, बेटी, पोरगा मला बघतोय. त्यांची हाडं दिसाया लागली तवा माझा राग गेला. म्या दाणा उचलला आन सोनाराच्या मुशीत, त्याच्या सोन्यात टाकून आले. घरी येऊन म्हणलं अब्बा, गेला तो, आता जेवा. त्यांनी माझ्या हातनं घास घेतला आन ल्हान लेकरावानी रडले. मागल्या साली तेबी गेले.

आता मी एकलीच परात हलवते. पर बाजारात गेले की माझी नजर बायांच्या गळ्याकडं जाती, कानाकडं जाती. कुणाच्या तरी मण्यात तो असंल. परवा चौसाळ्याला लग्नात गेलते, नवरीच्या गळ्याकडं बघतच बसले. ती पोरगी म्हणली, आजी, काय बघता? म्या म्हणलं काही न्हाई बाई, सुखात ऱ्हा. आन तिच्या गळ्यातल्यालाबी मनात तेच म्हणलं.