नानांचा फॉर्म

धुळ्याच्या वर्कशॉपात पत्रेकामाची एकच जागा निघाली होती, तेव्हाचं सांगतो. रांगेत माझ्यापुढे पिंपळनेरचे एक नाना होते. साहेबांनी विचारलं, "सर्टिफिकेट?"

"नही शे, साहेब. पत्रा द्या."

नानांनी पत्रा कापला, दुमडला, सांध्यांना कथलाचा डाख देऊन डबा केला. पाणी अडतं तिथूनही घासलेट झिरपतं, म्हणून त्यात घासलेटच भरलं आणि डबा स्वतःच्या फॉर्मवर ठेवला.

"साहेब, जेवी या. कागद वला व्हई तं मी घर जास."

साहेबांनी जेवून येऊन डबा उचलला. कागद कोरडाच. मग शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'डबा गळत नाही.'

माझा चौथी पासचा दाखला मी हळूच खिशात घातला.