कृष्णेत सोडलेले रुमाल

मंडळी, तात्यागुरुजींच्या शोकसभेला आज एवढी गर्दी जमलीय. दुःख आहेच. पण त्याहून जास्त किळस आलीय. तुमची आली, माझी स्वतःचीही आली.

आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मरणाचं पत्र आलं की वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. लढाईत पोरगा पडला की त्यानं आधी धाडलेली पत्रंसुद्धा घरात नकोत. तात्यागुरुजी गावोगाव फिरले आणि म्हणाले, "फाडू नका. तुमच्या घरात नको ना? मला द्या." मागच्या, चौदा सालच्या लढाईतली पत्रं, या लढाईतली पत्रं. माधवनगरचं कापड आणून त्यांनी कागद बांधायचे रुमाल शिवले, आत कडुलिंबाचा पाला घातला, आणि एकेक पत्र बांधून ठेवलं. म्हणायचे, "सरदारांचे कागद सांभाळायला पुष्कळ आहेत. या शिपायांचे कोण सांभाळणार?"

आणि आपण काय केलं? गुरुजींच्या दहाव्याला ते सगळे रुमाल गाडीत भरले, हळदकुंकू वाहिलं आणि माहुलीला कृष्णेत सोडले! मी सांगलीहून पोचलो तेव्हा रिकामी बैलगाडी परत येत होती. रद्दीत घातले असते तर निदान भांडता आलं असतं. तुम्ही तर हात जोडून बुडवले! वर मघाशी ठराव झाला, गुरुजींची तसबीर वाचनालयात लावायची. लावा की. तसबिरीखाली काय ठेवणार? शी!

त्यांचे पुतणे मला म्हणाले, "अहो, मेलेल्यांचे कागद. घरात लेकरंबाळं आहेत." मी त्यांना कोणत्या तोंडानं बोलू? गेल्या वर्षी गुरुजी माझ्याकडे सांगलीला आले होते. म्हणाले, "अरे, निम्मे रुमाल तुझ्याकडे ठेव. माझं आता काही खरं नाही." मी म्हणालो, "गुरुजी, सूनबाईला दिवस गेलेत. असले कागद आत्ता नकोत." सूनबाईला मी विचारलंसुद्धा नव्हतं. भीती माझीच होती. मी त्यांचा विद्यार्थी! गुरुजी चहा पिऊन निघून गेले.

तिकडे दाराजवळ अनसामावशी बसल्यात. पाटणहून आल्यात. त्यांचा लेक या लढाईत बोटीवर गेला. दर संक्रांतीला त्या गुरुजींकडे येऊन त्याचं शेवटचं पत्र वाचून घ्यायच्या. आज सकाळी मला म्हणाल्या, "आवं, गुरुजी न्हाईत, तर तुमी वाचून दावा की." मी सांगितलं, पत्र नदीत सोडलं. त्यावर मावशी म्हणाल्या, "त्यो तिकडं दर्यात बुडाला. त्येचा कागुद तुमी हितं बुडवला व्हय?"



माझ्या खिशात हे कार्ड आहे. गुरुजी गेल्याचं. मी ते फाडलेलं नाही, फाडणारही नाही. याच्यावर नवा रुमाल बांधायचा, आणि तो माझ्या घरात ठेवायचा. त्यातला दुसरा कागद मावशींच्या लेकाचा. ऐकून ऐकून त्यांना तो तोंडपाठ झालाय.

तेव्हा मंडळी, आता शांत बसा. दोन मिनिटं नव्हे, मावशींचं सांगून होईपर्यंत. गुरुजींना तेवढाच आपला नमस्कार.

मी लिहून घेतो. बोला, मावशी.