अकराव्या शेकानंतर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सरपंच चिमाजीराव. व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब व मान्यवर. आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या उपकेंद्राच्या नर्स साळूबाई. आणि शिवरे गावच्या माझ्या बंधुभगिनींनो,

बाईंच्या लसीकरणाच्या कामाबद्दल आधीचे वक्ते बोललेच आहेत. मी शब्बीर मास्तर, माझ्या घरापुरतं बोलतो. अध्यक्षमहाराज, दोन मिनिटं जास्त लागली तर सांभाळून घ्या.

अठ्ठ्याण्णव साली माझी अरिबा सात वर्षांची होती. सकाळी उलट्या व्हायच्या, चालताना तोल जायचा. आम्ही पित्ताचं औषध देत होतो. बाईंनी तिला अंगणात सरळ चालवून पाहिलं आणि त्याच दिवशी एसटीनं पुण्याला नेलं. मेंदूत गाठ निघाली, झपाट्यानं वाढणारी. ऑपरेशन झालं. मग डोक्याला आणि मणक्याला तीस शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितले.

शेकानं लहान मुलांची बुद्धी मंदावते, हे मी वाचलं होतं. डॉक्टरांनीही लपवलं नाही. अरिबा वर्गात पहिली यायची. अकराव्या शेकानंतर ती दोनाचा पाढा म्हणताना अडखळली आणि मी शेक थांबवला. घरात शिकलेला मीच ना? मला कोण अडवणार?

बाई दारात येऊन म्हणाल्या, "मास्तर, पुरा करा. अर्ध्यावर सोडू नगा."

माझी पत्नी खुर्शिदा म्हणाली, "बुद्दी कमी झाली तर होऊ द्या वो. पोर डोळ्यासमोर तर राहील."

मी दोघींना गप्प केलं.

चार महिन्यांत गाठ परत आली, मणक्यात उतरली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. शेक पुरा केला असता तर? मी विचारलं. ते म्हणाले, "पुरा करूनही सगळी मुलं वाचत नाहीत. काही वाचतात."

त्या 'काहीं'त माझी अरिबा असती का? या सभागृहात कुणी सांगू शकेल?

शेवटचे सात आठवडे बाई रोज आल्या. तिला कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. दफनानंतर सगळे 'अल्लाची मर्जी' म्हणत होते. मी बाईंना विचारलं, "माझ्यामुळं गेली का?"

त्या म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाई, मास्तर."

खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. त्याबद्दल बाई, आज सर्वांसमोर तुमचे आभार मानतो. आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचेही आभार.

काही चुकलं असेल तर माफ करा, असं शेवटी म्हणायची रीत आहे. खुर्शिदा तिकडं मागं बसली आहे. आठ वर्षं आम्ही या विषयावर बोललेलो नाही. आज मी ते रीत म्हणून म्हणत नाही.