टेकाडापलीकडे

आयोवातल्या बेकरीत गोड कोलाचीसाठी रांग होती. मक्याच्या सपाट रानावर वाळूची टेकाडं रचून समुद्रकाठचं वाटावं असं गोल्फ मैदान उभारणारा हॅलोरन रांगेत होता. पुढचं म्हातारं जोडपं त्याला ओळखत नव्हतं.

“समुद्र हजार मैल लांब, आणि इथे वाळूची टेकाडं! कसलं हे सोंग, लिबी?”

“सोंग म्हणतोस आणि रोज संध्याकाळी वर चढतोस.”

“पाय मोकळे करायला.”

“आणि परवा नवा शर्ट घालून गेलास, तो?”

“धुतलेला तेवढाच होता.”

“बरं, वरून दिसतं काय?”

“आपल्या शेजारच्या लुमिरचा गोठा.”

“रोज तोच?”

“रोज तोच. पण शेवटच्या चढावर दर वेळी वाटतं, आज समुद्र असेल.”

“मग उद्या मीही येते.”